चहाला थांबलं की गाडी बंद: जुन्या गाडीचं तापणं आणि पेट्रोलची वाफ

मे महिन्यातली दुपार होती. मुंबईहून परत येताना आमच्या अँबेसिडरने कसारा घाट ट्रकांच्या मागे रांगत, पण कुठेही न कुरकुरता चढला. इगतपुरीला चहासाठी थांबलो. पंधरा मिनिटांनी परत येऊन किल्ली फिरवली, तर सेल्फ फिरतोय आणि गाडी काही घेत नाही. बॉनेट उघडलं. कार्बोरेटरमधून बारीक खदखद ऐकू येत होती, चुलीवर आधण ठेवल्यासारखी, आणि पेट्रोलचा वास असा की डोळे चुरचुरले. पाण्याचा काटा मात्र मध्यावरच होता.

घाटात न थांबलेली गाडी चहाला का थांबली, हे समजून घ्यायला मला दोन उन्हाळे लागले. तोवर रेडिएटर दोनदा उतरवून झाला, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदलून झाली, पंखासुद्धा बदलला. हे सगळं करायच्या आधी कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की ‘गाडी तापते’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. म्हणून हा लेख.

माझी गाडी १९७२ सालची मार्क टू, १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाची. पण पद्मिनी असो, जुनी जीप असो की हेराल्ड, कार्बोरेटर आणि इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप असलेल्या कुठल्याही गाडीला यातलं बहुतेक लागू पडेल. सरकारी नियमांत २०२१ पासून पन्नास वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ धरली जाते, पण पंचेचाळीस वर्षांची गाडीही तशीच तापते.

आधी आजार ओळखा

पहिला आजार पाण्याचा: काटा चढतो, रेडिएटर उकळतो, ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी जातं. दुसरा पेट्रोलचा, आणि त्याचे पुन्हा दोन प्रकार आहेत. चालता चालता, विशेषतः नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत, गाडी गचके देते, ओढत नाही आणि बंद पडते. हे खरं वेपर लॉक. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप द्रव ढकलू शकतो. वाफ नुसती दाबली जाते आणि परत फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. माझ्या गाडीचा इगतपुरीचा प्रकार नेमका उलटा होता. इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो आणि पाणी फिरायचंही थांबतं, पण ओतीव लोखंडातली उष्णता जाणार कुठे? पुढची पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरायच्या ऐवजी चढतं. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) इंजिनाकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये गळतं आणि इंजिन पेट्रोलने गुदमरतं. एकात पेट्रोल कमी, दुसऱ्यात जास्त. दोघांनाही लोक वेपर लॉकच म्हणतात, आणि मग एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसतात.

तिसरा आजार करंटचा. गरम झाला की दम तोडणारा कंडेन्सर किंवा कॉइल, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारे भाग. गाडी तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाली की काहीच न झाल्यासारखी चालू होते. लक्षणं हुबेहूब वेपर लॉकची. माझ्या अंदाजाने वेपर लॉक म्हणून गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच गाड्या खरं तर कंडेन्सरच्या असतात.

ओळखायची रीत सोपी आहे, फक्त ती गाडी बंद पडलेली असतानाच करायची. गरम गाडीवर पेट्रोलच्या वाफा असतात, म्हणून बॉनेट उघडून आधी दोन-चार मिनिटं थांबा. मग एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलेटरची तार हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. धार नाही आणि पंपाजवळच्या पारदर्शक फिल्टरमध्ये नुसते बुडबुडे, तर वेपर लॉक. धार आहे, आतल्या भिंती ओल्या आहेत, वास मारतोय, तर गुदमरली आहे. दोन्ही ठीक वाटलं तर करंट बघा: एक जादा प्लग वायरला लावून, कार्बोरेटरपासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि चटचट वाजणारी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर आधी कंडेन्सर बदला. तो स्वस्त आहे.

पेट्रोलच्या टाकीचं झाकणही एकदा उघडून बघा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वास घ्यायचं भोक बुजलंय. पंप निर्वातातून पेट्रोल ओढतोय, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं.

पाण्याची बाजू

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे उघडं पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एप्रिल-मेमध्ये हवा ४० च्या पुढे. म्हणजे कारखान्याने ठेवलेली मोकळीक आपल्याकडे दोन्ही बाजूंनी कमी होते, त्यामुळे पन्नास वर्षांचा साचलेला गाळ इथे माफ होत नाही.

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करा. बहुतेक जुन्या गाड्यांचं झाकण ४ ते ७ पाउंड दाबाचं असतं. दर पाउंडामागे उकळबिंदू दीड अंशाहून थोडा जास्त वर जातो. ७ पाउंडाचं झाकण धड असेल तर दहा-अकरा अंशांची कमाई होते. रबर कडक झालं, स्प्रिंग बसली की ही कमाई गेली. मात्र नव्या गाडीचं १३ किंवा १५ पाउंडाचं झाकण बसतंय म्हणून लावू नका. रेडिएटरच्या जुन्या पितळी टाकीचे डाग (झाळलेले जोड) सुटतील किंवा हीटरची नळी फुटेल.

मग गाळ. आयुष्यभर बोअरचं पाणी पिऊन रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये पांढरट-तांबूस थर बसतो. हजार-दीड हजारात लेझरचं थर्मामीटर मिळतं. ते घ्या, या कामात तो तुमचा सगळ्यात उपयोगी मित्र. गाडी पूर्ण गरम करून रेडिएटरच्या जाळीवर ओळीने वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे रोखा. जिथे अचानक थंड पट्टा लागेल तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. वरच्या आणि खालच्या टाकीत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असावा.

थर हलका असेल तर लिंबूसत चालतं: लिटरला ४० ग्रॅम, पाण्यात भरून इंजिन गरम करा, अर्धा तास चालू ठेवा, थंड झाल्यावर काढा आणि स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा. जिथे गाळानेच गळती धरून ठेवली आहे तिथे गळती उघडी पडेल, हे आधीच समजून चाला. थर जाड असेल तर रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करण्याला, पर्याय नाही. सारडा सर्कलच्या बाजूला एका दुकानात माझ्या रेडिएटरची वरची टाकी डाग सोडवून उघडली, तेव्हा चाचांनी नळीत सळई घातली ती चार बोटं जाऊन अडकली. ठोकून खाली काढली तर विटेच्या रंगाच्या पापड्या पत्र्यावर खडखडत पडल्या. ‘साहेब, हे पाणी नाही, ही भिंत आहे,’ ते म्हणाले. नळ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश बंद होत्या.

रेडिएटर साफ करून ब्लॉक तसाच ठेवणं ही सर्रास होणारी चूक. ब्लॉकच्या बाजूला पाणी काढायचा नळ किंवा बोल्ट असतो. तो काढल्यावर बहुधा पाणी येतच नाही, कारण मागे चिखल बसलेला असतो. तारेने टोचा, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढा आणि बागेच्या नळीने उलट्या दिशेने पाणी सोडा. सगळ्यात मागच्या सिलिंडरभोवती चिखल जास्त साचतो, आणि सगळ्यात गरमही तोच असतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं. मला पाऊण तास लागला होता.

थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. देऊ दे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत नीट गरम होत नाही, ऑइलमधलं पाणी उडत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही गाड्यांत पाण्याची वाटच बदलते आणि उलट जास्त तापतं. शंका असेल तर पातेल्यात पाणी गरम करून त्यात तो दोऱ्याने टांगा. त्यावर लिहिलेल्या आकड्याला उघडतो का, ते दिसेल. नाही उघडला तर नवा घाला.

बाकीचं भराभर. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला की लांब बाजूच्या मध्यावर १२-१५ मिलिमीटर दबावा. खालचा होज पाइप इंजिन जोरात फिरवताना बघा. मऊ झालेला असेल तर आत चिकटतो आणि पाणी अडवतो, म्हणून त्याच्या आत स्प्रिंग असावी. रेडिएटरच्या पंखांमधली धूळ आणि माश्या मागच्या बाजूने पाणी मारून काढा, जोराच्या फवाऱ्याने नाही, पंख वाकतात. आणि जाळीपुढे हौसेने लावलेले मोठे फॉग लॅम्प, दोन जादा हॉर्न उन्हाळ्यापुरते तरी उतरवा. हवेची वाट तीच आहे.

भरायला डिस्टिल्ड पाणी आणि जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहतं, कूलंट गंज थांबवतं आणि उकळबिंदू थोडा वाढवतं, म्हणून ३० टक्के कूलंट पुरतं.

हे सगळं करूनही उकळत असेल तर हेड पॅकिंगकडे बघा. थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरची हवा पाण्यात जाते आहे.

टायमिंग आणि मिक्श्चर

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे असलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि त्याची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी धुराच्या मॅनिफोल्डमध्ये जाते. मॅन्युअलमधल्या आकड्यावर टायमिंग लाइटने लावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम. त्याची बारीक नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढा आणि टोपी काढून आतली पॉइंटची प्लेट हलते का ते बघा. हलली नाही किंवा नळीतून हवा तशीच येत राहिली तर डायफ्रॅम फाटलंय.

आता पंपावर सर्रास ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर ई-२० टाकलं की मिक्श्चर पातळ होतं आणि इंजिन थोडं जास्त तापतं. प्लग काढून बघा: खडूसारखा पांढरा असेल तर पातळ, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर बरोबर. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, शतांश मिलिमीटरमध्ये. एक नंबर मोठा जेट घाला, शंभर किलोमीटर चालवा, प्लग परत बघा. ड्रिल घेऊन भोक मोठं करायला बसू नका. वाढलेलं भोक परत लहान होत नाही.

पेट्रोलची बाजू

पेट्रोल हा एकच द्रव नाही, अनेकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके भाग ३५-४० अंशांनाच उडायला लागतात. इथेनॉल ७८ ला उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळलं की हलक्या भागांना आणखी उडतं करतं. बॉनेटखाली हे आकडे रोज ओलांडले जातात. त्यात माझ्या इंजिनाची मांडणी अशी की पेट्रोलची आत जायची वाट आणि धुराची बाहेर यायची वाट एकाच बाजूला. कार्बोरेटर जळत्या मॅनिफोल्डच्या बरोबर वर बसतो, तव्यावर दुधाचं पातेलं ठेवावं तसा.

क्रमाने करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्यांदा सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालेल असा घाला. जुनं रबर ई-२० मध्ये मऊ होतं, फुगतं, आतून सोलतं. कुठल्या तरी जोडावर केसाएवढी फट असेल तरी पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो आणि आपण वेपर लॉकला दोष देतो. शिवाय पेट्रोल बाहेर झिरपलं तर आगच. गाडीत अग्निशामक असल्याशिवाय या कामाला हात लावू नका.

मग नळीची वाट बघा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत हाताने चाचपत जा. सायलेन्सरच्या पाइपजवळून जाते का? मॅनिफोल्डच्या वरून वळसा घेते का? चार बोटांचं अंतर तरी ठेवा. जमत नसेल तिथे उष्णतारोधक चकाकती नळी चढवा. माझ्या गाडीत कधीतरी कुणीतरी पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची धातूची नळी काढून लांबलचक रबरी नळी घातली होती आणि ती लोंबून मॅनिफोल्डपासून एका बोटावर आली होती. नळी परत मूळ आकारात वाकवून घेतली. गर्दीत बंद पडायचा त्रास तेवढ्यानेच गेला.

तिसरं, कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा स्पेसर. ६ ते १० मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग. धातूकडून धातूकडे चढणारी उष्णता तिथे अडते. जाडी ठरवताना एअर क्लीनर बॉनेटला लागत नाही ना, आणि ॲक्सिलेटरची जोडणी पूर्ण उघडते ना, हे आधी मातीचा गोळा ठेवून मोजा. स्पेसरबरोबरच उष्णतेची ढाल बसवा: दीड-दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये, दोघांनाही न टेकता. पुठ्ठ्याचा साचा कापून सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून अर्ध्या तासात करून घेतला. वाटीखाली तो फ्लोटच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. आखूड पत्रा लावणं म्हणजे डोक्यावर अर्धी छत्री.

फ्लोटची पातळीही तपासा. पातळी वर असेल तर उकळलेलं पेट्रोल सहज जेटपर्यंत पोचतं. वाटीत येणारं पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व झिजला असेल तर बदला.

एवढ्यावर बहुतेक गाड्या सुधारतात. नाहीच सुधारली तर शेवटचे दोन उपाय. एक म्हणजे परतीची नळी: पंपानंतर टी-आकाराचा जोड बसवून, आत बारीक भोकाची अडचण ठेवून, जादा पेट्रोल टाकीत परत सोडायचं. पेट्रोल सतत वाहतं राहिलं की नळीत उभं राहून उकळत नाही. दुसरा, टाकीजवळ विजेचा पंप. मागून ढकललेलं पेट्रोल पुढून ओढलेल्यापेक्षा उशिरा उकळतं. पण पंप दोन-तीन पाउंडाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पाउंडांच्या पुढे ढकलतो, तो लावला तर फ्लोट उचलून इंजिनावर पेट्रोल सांडेल. पंपाला फ्यूज, रिले आणि अपघातात आपोआप बंद करणारा स्विच हवाच. स्विचशिवाय हे काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नका.

नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचा सल्लाही कुठेतरी वाचाल. नळी चुकीच्या जागी असेल तर चिमट्यांनी ती थंड होत नाही.

रस्त्यावर

घाटात वरच्या गिअरमध्ये रेटू नका. खालच्या गिअरमध्ये फेरे जास्त मिळतात, पंखा आणि पाणी दोन्ही वेगाने फिरतात. ट्रकच्या शेपटीला चिकटू नका; त्याचा धूर तुमच्या रेडिएटरमध्ये जातो. काटा चढायला लागला तर रुंद जागा बघून थांबा, पण इंजिन बंद न करता थोडं वेगाने फिरू द्या. पाणी बाहेर पडायला लागलं किंवा वाफ दिसली तरच बंद करा. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. नंतरही जाड फडकं ठेवून पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा. पाणी घालायचं ते इंजिन थंड झाल्यावर, चालू ठेवून, हळूहळू. तापल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं की हेडला तडा जाण्याची वेळ येते.

चहाला थांबताना दोन मिनिटं गाडी चालू ठेवा, मग बंद करा आणि लगेच बॉनेट उघडा. तोंड वाऱ्याकडे. उठताना ती गुदमरली असेल तर चोक नको, ॲक्सिलेटर पंप करणं नको: पाय तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. काळा धूर काढून घेईल. खरं वेपर लॉक असेल तर ओलं फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. फडकं डिस्ट्रिब्युटरवर आणि तापल्या मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नका.

पेट्रोल शक्यतो सकाळी भरा आणि उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली नेऊ नका. भरलेली टाकी सावकाश तापते.

तपासून बघायचं कसं

प्रत्येक बदलानंतर एकच रस्ता. मी त्र्यंबकला जाऊन येतो, दुपारी दोनला निघून. परत आल्यावर गाडी बंद करून दर पाच मिनिटांनी लेझरने फ्लोटच्या वाटीचं तापमान वहीत लिहितो, वीस मिनिटांपर्यंत, मग सेल्फ. स्पेसर आणि पत्र्याआधी वाटी सत्तरीच्या घरात जायची. आता पन्नाशीच्या आसपास थांबते आणि खदखद ऐकू येत नाही.

पाचशे किलोमीटरनंतर कार्बोरेटरचे नट एकदा परत आवळा. नवी पॅकिंग दबून बसते, नट सैल होतात, तिथून हवा आत शिरते आणि मिक्श्चर पुन्हा पातळ होतं. आवळताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडं थोडं. बेकेलाइट जोर सहन करत नाही, चिरतं.